दोष आढळला नाही

आमच्या सासऱ्यांना त्यांच्या खात्यात सगळे 'टेस्टर' म्हणत. इतर माणसं शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, हे लाल मुठीचा टेस्टर ठेवायचे. निवृत्तीला अकरा वर्षं झाली, टेलिफोनच्या तारा खांबांवरून उतरल्या, खांबही कुठे कुठे उपटले गेले, पण टेस्टर काही खिशातून हलला नाही. सासूबाई म्हणतात, लग्नाच्या फोटोतसुद्धा तो आहे. मी तो फोटो निरखून पाहिलाय. आहे.

पस्तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. लोकांचे बंद पडलेले फोन चालू केले. त्यांच्या मते या कामात दोन जातींची माणसं असतात. पहिली जात फोन बंद म्हटलं की आधी यंत्र बदलते, मग वायर बदलते, मग दोन्ही पुन्हा बदलते, आणि फोन सुरू झाला की बिघाड कशात होता ते तिलाच माहीत नसतं. दुसऱ्या जातीत ते एकटेच. त्यांचे नियम दोन. दोष स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ग्राहकाच्या यंत्राला हात लावायचा नाही, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. या नियमांपायी लोक कावले, साहेब कावले, पण त्यांनी चालू केलेला फोन पुन्हा बंद पडला असं कधी झालं नाही म्हणतात. कोण म्हणतं? तेच म्हणतात.

त्यांच्यात एक खोड मात्र आहे. वीज वाचवायची. घरातला दिवा माणूस खोलीबाहेर पडायच्या आधीच बंद होतो. मी दोनदा अंधारात आंघोळ केली आहे. "आत आहे हो मी!" असं ओरडलं की बाहेरून शांतपणे उत्तर येतं, "मग लवकर आटप."

आता माझं सांगते. मी दुभाषी आहे, पण जिभेची नाही, हातांची. माझा थोरला भाऊ जन्मापासून बहिरा. मी बोलायला लागायच्या आधी हात हलवायला लागले होते. लग्नानंतर बारा वर्षं घरात गेली, भाऊ परगावी, आणि माझे हात कपडे वाळत घालण्यापलीकडे कुणाशी काही बोलले नाहीत. मग एक्केचाळिसाव्या वर्षी एका संस्थेत काम मिळालं. दवाखान्यात कुणी बहिरा माणूस आला की तिथले डॉक्टर पडद्यावरचं बटण दाबतात आणि ड्यूटीवरच्या दुभाष्याच्या लॅपटॉपवर घंटी वाजते. तीस सेकंदांत कॉल घ्यायचा. माझी वेळ दुपारी दोन ते सहा. कधी चार तासांत सहा कॉल, कधी दोन-दोन तास चिटपाखरू नाही. पण जागेवरून हलायचं नाही.

पहिला महिना चाचणीचा होता. महिन्यात तीन कॉल चुकले की नमस्कार. हे मी घरात सगळ्यांना बजावून सांगितलं होतं. या वयात मला दुसऱ्यांदा कुणी विचारणार नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला दुसरं काही इतकं येतही नाही. पहिल्याच कॉलला एका आजोबांनी हातांनीच विचारलं, 'तू आमच्यातलीच का गं?' त्या दिवशी मी आनंदाने रडले होते. ते काम हातचं जाऊ द्यायची माझी तयारी नव्हती.

लॅपटॉप नवा घेतला. "मी नीट लावून देतो," असं म्हणून बाबा, म्हणजे सासरे, तो घेऊन दोन दिवस आपल्या खोलीत दार लावून बसले. खोक्यातली पुस्तिका त्यांनी परीक्षेला बसल्यासारखी वाचून काढली. लॅपटॉप माझ्या हातात आला तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. मी सगळ्यांना कौतुकाने सांगत सुटले.

नवव्या दिवशी पहिला कॉल चुकला. मी लॅपटॉपसमोरच बसले होते, मांडीवर पुस्तक होतं. घंटी वाजलीच नाही. सहज पडद्याकडे पाहिलं तर कोपऱ्यातल्या वायरलेसच्या खुणेवर बारीकशी फुली, म्हणजे इंटरनेट तुटलेलं. बोट लावलं, तर फुली दोन मिनिटांनी मुकाट निघून गेली आणि मागोमाग संदेश आला, 'आपण उपलब्ध नव्हता.' मी तिथेच तर होते! सोळाव्या दिवशी पुन्हा तेच. या वेळी पर्यवेक्षक बाईंनी खाली एक ओळ जोडली होती. दुसरा कुणी दुभाषी मोकळा नव्हता, त्यामुळे आलेल्या बाईंना चाळीस मिनिटं थांबावं लागलं.

आणखी एक चुकला की संपलं. नवरा म्हणाला, "बंद करून चालू कर," आणि दुकानात निघून गेला. उंटावरून शेळ्या हाकायला त्याला नेहमीच आवडतं. मी शेवटी लॅपटॉप उचलला आणि बाबांसमोर नेऊन ठेवला.

बाबांनी कपाटातून एक कोरी वही काढली, पट्टीने रेघा मारल्या, चष्मा लावला आणि विचारलं, "तक्रारदाराचं नाव?"

"बाबा, मी तुमची सून."

"तक्रार घेताना मी कुणाचा सासरा नसतो. बरं, सून लिहितो. काय होतं तुमच्या यंत्राला?"

"बसल्या बसल्या वायरलेस जातं."

"बसल्या बसल्या म्हणजे? किती वाजता? दर वेळी? आधी काय केलं होतं तुम्ही?"

"काही केलं नव्हतं! काही न करताच जातं."

"काही न करता काही होत नाही," बाबा म्हणाले, आणि वहीत लिहिलं: 'तक्रारदारास नीट सांगता येत नाही.' माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मग सुरू झालं शास्त्र. टेलिफोनचा माणूस खांबापासून सुरुवात करतो, घरात शेवटी शिरतो. पहिल्या दिवशी त्यांनी राउटरची जागा बदलली. तो लोखंडी कपाटावर, जुन्या बॅगांच्या मागे होता. "याला बॅगांशी बोलायचंय का?" असं म्हणत त्यांनी तो मोकळ्या भिंतीवर टांगला. मी म्हटलं, आता लॅपटॉपचंही बघा. तर नाही! एका वेळी एकच. दोन दिवस थांबायचं. दुसऱ्या संध्याकाळी मला पुन्हा फुली दिसली. नशिबाने तेव्हा कॉल नव्हता.

मग त्यांनी राउटरचा चॅनेल बदलला, कारण आजूबाजूच्या घरांतली सगळी यंत्रं एकाच चॅनेलवर गर्दी करून होती. पुन्हा दोन दिवस. पुन्हा फुली. मग माझ्या हट्टापायी, दोष न पाहताच, लॅपटॉपमधला वायरलेसचा ड्रायव्हर नवा करून पाहिला. तरी फुली. माझ्या चाचणीचे दिवस असे भराभर चालले होते, आणि बाबांची पानं भरत होती. ते मात्र मजेत होते. अकरा वर्षांनी त्यांच्याकडे तक्रार आली होती! सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते माझ्या टेबलाशी हजर व्हायचे. सासूबाई हळूच म्हणाल्या, "तुझा तो डबा बिघडल्यापासून ह्यांचे गुडघे दुखायचे थांबलेत. सावकाश दुरुस्त होऊ दे."

"आई, माझी नोकरी जाईल!"

"ते खरंच की," सासूबाई म्हणाल्या आणि ओशाळल्या.

शेवटी बाबांनी ठरवलं की आपण स्वतः निरीक्षण करायचं. सकाळी नऊ ते एक मला ड्यूटी नसायची, तेव्हा लॅपटॉप टेबलावर उघडा ठेवायचा, कुणी हात लावायचा नाही, आणि समोर खुर्ची टाकून ते बसणार. बसले. पहिल्या दिवशी चार तास. डोळ्यांत तेल घालून बसणं म्हणजे काय, ते मी तेव्हा पाहिलं. एक वाजता त्यांनी वहीत लिहिलं: 'निरीक्षण चार तास. दोष आढळला नाही.' दुसऱ्या दिवशीही तेच, फक्त खाली आणखी एक वाक्य: 'तक्रारदाराने मन शांत ठेवावे.'

ते वाक्य मी वाचलं आणि माझा बांध फुटला.

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"मी असं कुठे लिहिलंय? पण कधी कधी माणूस दमलेला असतो. घंटी वाजते, डुलकी लागलेली असते…"

"मला डुलकी लागते? दुपारी दोन ते सहा मी बाथरूमलासुद्धा जात नाही, बाबा!"

"पस्तीस वर्षांत मी असे खूप ग्राहक पाहिलेत. रिसीव्हर नीट ठेवत नाहीत आणि म्हणतात फोन बंद."

बोलले असते तर घरात फार दिवस पुरेल असं काही बोलून गेले असते. उठून स्वयंपाकघरात गेले आणि धुतलेली भांडी पुन्हा धुतली. मला खरंच रडू येत होतं. काम जाईल याचं होतंच, पण या माणसाला मी खोटी वाटते, याचं जास्त होतं. लग्न होऊन आले त्या दिवशी, पोचवायला आलेल्या भावाशी मला हातांनी बोलताना पाहून या घरात एकटे तेच कौतुकाने बघत बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा पुन्हा खुर्चीत. सासूबाई शेंगा सोलत त्याच खोलीत बसल्या होत्या, मी घुश्शात कपड्यांच्या घड्या घालत होते. मग सासूबाईंनी विचारलं, "अहो, तुम्ही त्याला सारखं बोट का लावताय?"

"सारखं कुठे? दर पाच मिनिटांनी. चालू आहे ना ते नको का बघायला? लाइन जिवंत आहे की नाही, ते टोचून बघावंच लागतं."

"झोपलेल्या माणसाला दर पाच मिनिटांनी 'झोपलास का' विचारलं, तर तो झोपेल कधी?"

बाबांचं बोट हवेतच राहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, लॅपटॉपकडे पाहिलं आणि सासूबाईंकडे पाहिलं. मग ते बोट त्यांनी दुसऱ्या हाताच्या मुठीत धरलं, खुर्ची दोन हात मागे ओढली आणि घड्याळाकडे बघत बसले. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. त्यांचा हात दोनदा पुढे सरकला, दोन्ही वेळा सासूबाई खाकरल्या. मग ते हात मांडीखाली घेऊन बसले. बाविसाव्या मिनिटाला कोपऱ्यात फुली उमटली.

"गेलं!" बाबा ओरडले. "गेलं! गेलं बघ!" इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता. "रिकामं बसलं की जातं! अगं, तू बरोबर सांगत होतीस, काही न करताच जातं!"

"मग मी काय सांगत होते?" मी म्हटलं, पण हसूही येत होतं.

आता दोष दिसला होता, त्यामुळे हात लावायला ते मोकळे झाले. रिकामं बसल्यावर जे जातं ते कुणीतरी मुद्दाम बंद करत असणार, असं त्यांनी ताडलं. सेटिंगमध्ये शिरले, एक पान उघडलं, त्यातून दुसरं, त्यातून तिसरं. मी पाठीमागे उभी होते. वीज कुठे किती वापरायची याची यादी समोर आली. पडदा, हार्ड डिस्क, आणि मग वायरलेस. वायरलेसपुढे चार पर्याय होते. त्यांतला शेवटचा निवडलेला होता: 'जास्तीत जास्त बचत'.

बाबा थांबले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मला वाटलं अक्षर दिसत नसेल, म्हणून मी वाचून दाखवलं. ते म्हणाले, "माहीत आहे मला."

आणि पुढे म्हणाले, "हे मी केलंय."

"काय?"

"लॅपटॉप नवीन आला तेव्हा. जिथे जिथे बचत दिसली तिथे तिथे मी शेवटचा पर्याय लावला. खोक्यातून आला तेव्हा तो असा नव्हता. तू समोर बसलेली असताना मी तुझी लाइन बंद करत होतो."

मी बारा वर्षं या घरची सून आहे, मला उत्तरं सुचतात. काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे तर ओठांवर आलंच होतं. चोराच्या उलट्या बोंबा हेही मागे उभं होतं. "म्हणजे माझ्या डुलकीचं काय?" इतकं तर मी म्हटलंच. पण त्यांचा चेहरा बघून पुढचं गिळलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, त्या ओळीकडे बघत होते. पर्याय बदलून त्यांनी 'पूर्ण क्षमता' केला आणि विचारलं, "ते दोन कॉल चुकले, तेव्हा पलीकडे कोण होतं?"

"पहिला दुसऱ्या दुभाष्याकडे गेला. दुसऱ्या वेळी एक बाई होत्या. त्या थांबून राहिल्या."

"कशासाठी आल्या होत्या?"

"माहीत नाही. असतं तरी मला सांगता आलं नसतं."

त्यांनी मान हलवली. टेलिफोनच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. "चाळीस मिनिटं," ते स्वतःशीच म्हणाले, आणि उठून आपल्या खोलीत गेले. सासूबाईंनी मला खुणेनेच 'आता नको' म्हणून सांगितलं. तेवढी खूण कुणालाही येते.

त्या दुपारी मी ड्यूटीला बसले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. मुद्दाम. पुस्तक नाही, बोट नाही, काही नाही. बावीस मिनिटं झाली. फुली आली नाही. तीस झाली. चाळीस झाली. त्रेचाळिसाव्या मिनिटाला घंटी खणखणली आणि मी अशी झडप घातली की पलीकडची नर्स दचकली. कॉल तासभर चालला. सहा वाजता बाहेर आले तर बाबा दाराशी खुर्ची टाकून बसलेले. त्यांनी एवढंच विचारलं, "लागला?"

"लागला, बाबा. पहिल्या घंटीला."

त्यांचा जीव भांड्यात पडला. उरलेल्या दिवसांत एकही कॉल चुकला नाही. महिना संपला त्या दिवशी पर्यवेक्षक बाईंचा फोन आला. मी कायम झाले होते! मी धन्यवाद द्यायला लागले, तर त्या म्हणाल्या, "थांबा, अजून एक आहे. तुमच्या सासऱ्यांचं पत्र आलं होतं आमच्याकडे."

मला काहीच माहीत नव्हतं. बाईंनी पत्र वाचून दाखवलं. ते अस्सल खात्याच्या भाषेत होतं. 'महोदया, आपल्या दुभाषी बाईंचे दोन कॉल चुकले, त्यात त्यांचा काहीएक दोष नसून तो सर्वस्वी खाली सही करणाराचा आहे. त्यांनी तक्रार अचूक नोंदवली होती. मीच ती खोटी धरली. सदर महिलेस चाळीस मिनिटे ताटकळावे लागले. आमच्या सेवेत चूक आपली असेल तर ग्राहकाच्या दारी जाऊन सांगण्याची पद्धत होती. पत्ता देणे नियमात बसत नसल्यास कृपया एवढे त्यांना कळवावे, ही विनंती.'

"चुकलेले कॉल वजा करता येत नाहीत, तो नियम आहे," पर्यवेक्षक बाई म्हणाल्या. "पण पत्र आम्ही त्या बाईंकडे पाठवलं. त्यांचं उत्तर आलंय. ते हातांच्या भाषेत आहे, म्हणून तुमच्याकडे पाठवते. तुम्ही सासऱ्यांना वाचून दाखवा."

उत्तर म्हणजे एका मिनिटाचा व्हिडिओ होता. मी बाबांना बोलावलं. ते आले, खुर्चीत ताठ बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर. पडद्यावर पन्नाशीच्या एक बाई होत्या, मागे खिडकी, खिडकीत वाळत घातलेला टॉवेल. त्यांनी नमस्कार केला आणि हात चालवायला सुरुवात केली.

दुभाष्याने 'त्या म्हणतात' असं म्हणायचं नसतं. ज्याचे हात, त्याचाच 'मी'. तो आमच्या कामाचा पहिला धडा. तर मी बोलू लागले.

"मी त्या दिवशी तुमच्यावर खूप रागावले होते. तेव्हा तुम्ही कोण ते माहीत नव्हतं, पण रागावले होते. कागदावर लिहून लिहून माझा हात दुखला. डॉक्टर घड्याळाकडे बघत होते. मी जे सांगत होते ते कुणाला खरं वाटत नव्हतं."

बाबांनी मान खाली घातली. मी बोलत राहिले, कारण बाईंचे हात थांबले नव्हते.

"आयुष्यभर मी कुठे ना कुठे थांबूनच राहिले आहे. 'चूक माझी होती' असं मला सांगायला मागून कधी कुणी आलं नाही. तुम्ही आलात. आता माझा राग नाही."

बाई हसल्या आणि व्हिडिओ संपला. बाबांनी विचारलं, "हे शेवटचं… राग नाही म्हणाली ते. ते तिचं होतं ना? का तू…?"

"मला पदरचं काही घालता येत नाही, बाबा," मी म्हटलं. "ते त्यांचंच आहे." आणि मग कामाचा नियम बाजूला ठेवून म्हटलं, "आणि माझंही."